पोर्तो शहरातील एक पायी फेरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. हळदीकुंकवाला गाणे म्हणणे निराळे आणि असे पुढे उभे राहून बोलणे निराळे. परंतु आपल्या कार्यवाह बाई म्हणाल्या, "परदेशात काय पाहिलेत ते सांगा, आणि ती दारूची फेरीही सांगा. लोक आपापसात बोलण्यापेक्षा तुम्ही स्वतः बोललेले बरे." त्यांचे म्हणणे मला पटले, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्यापैकी काही जणींना ठाऊक नसेल म्हणून आधी थोडे सांगते. आपल्या मंडळाने चौकातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा केल्या, तेव्हा दारोदार हिंडणाऱ्यांत मी होते. आपल्या राज्यात बायकांच्या मतदानाने दुकान बंद करता येते, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात, हे मीच कितीतरी घरी समजावून दिले. तीच मी २०२४ साली पोर्तुगाल देशातल्या पोर्तो शहरी वाइन चाखण्याच्या फेरीला गेले हे कळल्यावर दोघीतिघींनी मला तोंडावरच विचारले, "इथे बाटली आडवी करतेस आणि तिथे जाऊन उभी बाटली बघून आलीस होय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही.

मी गेले ते भाचीच्या बाळंतपणाला. ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. माझा भाऊ दारूने गेला. २०११ साली गेला तेव्हा त्याचे वय अडतीस होते. काविळीने डोळे हळदीसारखे झाले होते, पोट फुगले होते. वहिनीने शिवणकाम करून दोन्ही लेकरे शिकविली. मुलगी हुशार निघाली, इंजिनिअर झाली आणि नवऱ्याबरोबर पोर्तोला नोकरीला गेली. बाळंतपणाच्या वेळी वहिनीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपेना, म्हणून डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा आणि दोन जुनी मऊ लुगडी बांधून मी निघाले. अडीच महिने राहिले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

आता मौज पाहा. जिचा बाप दारूने गेला ती मुलगी नांदते कुठे, तर ज्या शहराने आपले नाव एका दारूला दिले तिथे. पोर्ट वाइन म्हणतात ती या पोर्तोची. शहरातून दोरू नावाची नदी समुद्राला जाते. नदीच्या अलीकडे पोर्तो आणि पलीकडे गाया नावाचे गाव. त्या गायाच्या काठावर कौलारू वखारी आहेत आणि त्यांच्या छपरांवर मोठमोठ्या अक्षरांत कंपन्यांची नावे लिहिली आहेत. भाचीच्या खिडकीतून ती नावे दिसत. बाळाला पायांवर घालून मी न्हाऊ घालीत असता ती एकदा म्हणाली, "आत्या, मला इथे तीन वर्षे झाली, पण त्या वखारींत मी पाऊल टाकले नाही. बाबांची आठवण होते. तू एकदा जाऊन ये आणि मला सांग, त्यात असे आहे तरी काय, ज्यापायी बाबा आम्हाला टाकून गेले."

मैत्रिणींनो, मी गेले ती या शब्दावर. चैन म्हणून गेले नाही.

पण एकटी कशी जाणार? मला इंग्रजी येत नाही. देवाने माणूस दिले. भाचीच्या शेजारी गोव्याकडच्या एक मावशी राहतात, साठी उलटलेल्या. गोवा १९६१ साली मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते, त्यामुळे पुष्कळ गोवेकर तिकडे आहेत. मावशी कोकणीत बोलत, मी मराठीत, आणि आमचे एकमेकींना सगळे कळे. त्या म्हणाल्या, "चल, मी तुला न्हेतां." त्यांनीच दोघींची तिकिटे काढली.

जाण्याआधी मी मावशींना सांगून टाकले, "मी तोंडाला लावणार नाही. भावाच्या अंथरुणाशी बसून मी तसे ठरवले आहे." त्या म्हणाल्या, "लावू नकोस. नाक तर आहे ना? यातले निम्मे काम नाकाचेच असते." हे खरे असल्याचे मला पुढे दिसून आले.

ही फेरी म्हणजे काय ते सांगते. आठ-दहा माणसे जमतात. एक वाटाड्या पुढे चालतो, शहराची हकिकत सांगतो आणि मधूनमधून दुकानात किंवा खाणावळीत थांबवून थोडी थोडी वाइन चाखायला देतो. आमची वाटाडी एक तिशीची मुलगी होती. दुपारी तीनला सांव बेंतु नावाच्या रेल्वे स्टेशनात जमायचे होते. स्टेशन म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे धूर, गर्दी आणि पानाच्या पिचकाऱ्या येतात. इथे शिरल्याबरोबर मी थांबलेच. चारी भिंतींवर निळ्यापांढऱ्या चिनी मातीच्या फरश्या आणि त्यांवर लढाया, राजे, जत्रा, द्राक्षांची काढणी अशी चित्रे. सुमारे वीस हजार फरश्या आहेत, असे तिने सांगितले. जोर्ज कोलासू या चित्रकाराने त्या रंगविल्या आणि १९१६ साली स्टेशनच्या या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या जागी पूर्वी जोगिणींचा मठ होता. १८३४ साली सरकारने मठ बंद करण्याचे ठरविले, पण बायकांच्या मठातली शेवटची जोगीण हयात असेपर्यंत मठ ठेवायचा, असा नियम केला. इथली शेवटची १८९२ साली वारली. तोवर सरकारला जागा मिळाली नाही. ऐकून मावशी हळूच म्हणाल्या, "एका म्हातारीने आगगाडी थोपवून धरली बघ!"

तिथून फुलांची गल्ली असे नाव असलेल्या रस्त्याने आम्ही खाली उतरलो. पोर्तो शहर चढउताराचे आहे, आपल्याला पन्हाळ्याची आठवण व्हावी असे. वाटेत एका छोट्या दुकानात पहिला पेला मिळाला. त्या वाइनचे नाव 'हिरवी वाइन', पण रंग हिरवा नव्हे, लिंबाच्या पाण्यासारखा. कोवळी असतानाच पितात म्हणून हिरवी. पेला खालच्या दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहायचा, हलवायचा, मग नाक आत घालून वास घ्यायचा. त्यानंतर घोट. ज्यांचा चाखण्याचा धंदाच असतो ते गिळत नाहीत, तोंडात फिरवून पिकदाणीत थुंकतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यांची शुद्ध राहणार नाही. आम्हा प्रत्येकाला तिने कसला वास येतो ते विचारले. लोक काहीबाही म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "कच्च्या सफरचंदाचा, आणि थोडा ईडलिंबाच्या सालीचा." मावशींनी सांगितल्यावर त्या मुलीने मान डोलावली आणि आपल्या वहीतले शब्द दाखविले. सफरचंद आणि लिंबू हेच होते.

यात माझी काही हुशारी नाही. आपण सगळ्या जणी वासावरून तर संसार करतो. दूध नासले की नाही, फोडणी करपायला लागली का, पीठ किती आंबले, बरणीतले लोणचे बुरसले का, हे आपल्याला न पाहता कळते. आणि मी तर सहा वर्षे तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जात होते. मण्याचा रंग आणि वास ओळखण्याची मजुरी घेतलेली बाई मी. तिथल्या साहेब लोकांना पैसे देऊन जे शिकावे लागते ते आपल्या घरोघरी फुकट आहे, पण त्याला कोणी विद्या म्हणत नाही, इतकेच.

पुढे नदीकाठी रिबेरा नावाच्या भागात एका खाणावळीत थांबलो. तिथे तांबडी वाइन, पाव, चीज आणि खारवलेले ऑलिव्ह होते. मी पाव-चीज खाल्ले. इथे मावशींनी मला एक गंमत दाखविली. पावाला ते 'पांव' म्हणतात, बटाट्याला 'बटाटा', किल्लीला 'शाव', साबणाला 'सबांव', कोबीला 'कोव'. आपले पाव, बटाटा, चावी, कोबी हे शब्द त्यांच्याकडून आलेले. सातासमुद्रापलीकडे आपल्या स्वयंपाकघरातले शब्द ऐकून मला फार आपलेपणा वाटला. आणि आपली मुंबई? ती १६६१ च्या लग्नकरारात इंग्रजांच्या राजाला याच पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण म्हणून मिळाली. लेकीच्या आंदणात शहर देणारे हे लोक!

त्याच काठावर भिंतीत एक तांब्यापितळेची काळपट पाटी आहे आणि तिच्यापुढे मेणबत्त्या लावलेल्या असतात. पूर्वी तिथे होड्या जोडून केलेला पूल होता. १८०९ च्या मार्चमध्ये फ्रेंचांची फौज शहरात शिरली तेव्हा माणसे जीव घेऊन त्या पुलावर धावली. पूल तुटला आणि हजारो माणसे बुडाली. दोनशे वर्षे उलटली तरी कोणीतरी येऊन मेणबत्ती लावते. मीही एक लावली. कोणाच्या का असेनात, लेकुरवाळ्या बायकाच असणार त्यांत पुष्कळ.

आता तिथे लोखंडाचा मोठा कमानीचा पूल आहे, १८८६ सालचा. दोन मजली. वरून मेट्रो गाडी जाते, खालून वाहने आणि पायी माणसे. त्यावरून आम्ही पलीकडे गायाला गेलो. पाण्यात लांबोडक्या, सपाट तळाच्या होड्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पिंपे ठेवलेली. द्राक्षांचे मळे इथे नाहीत, ते नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात आहेत. पूर्वी तिथून पिंपे भरून या होड्या खडकांतून, भोवऱ्यांतून खाली येत. नदीला धरणे झाली तशी ती वाहतूक संपली. आता होड्या शोभेला आहेत.

पिंप हा शब्दही त्यांचाच. ते 'पिपा' म्हणतात. तिकडचे एक पिपा म्हणजे साडेपाचशे लिटर.

वखारीत शिरलो आणि गारवा अंगावर आला. जाड भिंती, अंधूक उजेड आणि रांगेने मांडलेली काळी पडलेली पिंपे. आपल्या जुन्या वाड्यातल्या धान्याच्या कोठीत येतो तसा जुनाट, गोडसर वास. पोर्ट कशी होते ते तिने सांगितले, आणि मला ते लगेच कळले, कारण आंबविणे आपल्या रोजचेच. द्राक्षे दगडी टाक्यांत घालून पायांनी तुडवितात. हल्ली यंत्रे आली, पण काही ठिकाणी अजून पाय चालतात. रस आंबू लागला की त्यातली साखर जाऊन दारू होऊ लागते. अर्धवट आंबला असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. चार वाटे रस असेल तर एक वाटा ही दारू, असे मोटे प्रमाण. त्यामुळे आंबणे तिथेच थांबते, गोडी राहते आणि कडकपणाही येतो. मग पिंपांत वर्षानुवर्षे ठेवतात. लाकडातून दर वर्षी थोडी थोडी उडून जाते, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात.

इथे तीन पेले होते. पांढरी, मग माणकासारखी तांबडी आणि शेवटी वीस वर्षे मुरलेली. तांबडीला करवंदाचा आणि जांभळाचा वास. मुरलेलीचा रंग काकवीसारखा, आणि तिचा वास घेताच मी दचकलेच. तो थेट आमच्या शेडचा वास होता: बेदाणे, भाजलेले बदाम, जरा लवंग आणि जुन्या लाकडी पेटीचा वास. क्षणभर मला वाटले, चाखावी. खोटे कशाला सांगू? वास फार चांगला होता. पण मी पेला खाली ठेवला.

तिथल्याच भिंतीवर एका बाईची तसबीर होती. काळे कपडे, करारी तोंड. तिचे नाव दोना आंतोनिया फेरेरा. जन्म १८११, मृत्यू १८९६. तिची हकिकत आपण सगळ्यांनी ऐकण्याजोगी आहे. तेहतिसाव्या वर्षी ती विधवा झाली. नवरा उधळ्या होता. पदरात दोन मुले. तिने कारभार स्वतःच्या हाती घेतला, मळ्यांतून हिंडली, हिशेब पाहू लागली. पुढे राज्यातल्या एका बलाढ्य सरदाराने, सालदान्या नावाच्या ड्यूकने, आपल्या मुलासाठी तिच्या मुलीला मागणी घातली. मुलगी जेमतेम अकरा-बारा वर्षांची. आईने साफ नकार दिला. मुलीला पळवून नेण्यासाठी माणसे आली, असे सांगतात. ही बाई मुलीला घेऊन डोंगरवाटांनी स्पेनात गेली आणि तिथून लंडनला. लेकीचे लग्न मात्र त्या घरात होऊ दिले नाही. आजपासून दीडशेहून जास्त वर्षांमागची ही गोष्ट. आपल्याकडे आजही बालविवाह थांबवायला कितीदा पोलीस बोलवावे लागतात!

पुढे द्राक्षांवर मुळे खाणारा बारीक किडा पडला. त्याने युरोपभर मळे सुकविले. उपाय सापडला तो असा की, अमेरिकेतल्या रानटी वेलीची मुळे हा किडा सोसतात, म्हणून तिच्या खुंटावर आपल्या द्राक्षाचे कलम बांधायचे. आपल्याकडे बागाईतदार डॉगरीजच्या खुंटावर कलम करतात ना, ते खारट पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. पण मुळे परक्याची आणि फळ आपले, ही युक्ती तीच. दोना आंतोनियाने त्या पडत्या काळात लोकांचे माल विकत घेऊन त्यांना तगविले, ओसाड डोंगर विकत घेऊन नवे मळे लावले, पैसा रस्त्यांना आणि इस्पितळाला दिला. तिकडचे लोक तिला अजून लाडाने 'फेरेरिन्या', म्हणजे आपली छोटी फेरेराबाई, म्हणतात. १८६१ साली नदीच्या भोवऱ्यात तिची होडी उलटली. तिच्याबरोबरचा फॉरेस्टर नावाचा मोठा इंग्रज व्यापारी बुडाला. ही मात्र फुगीर घागऱ्यामुळे तरंगत राहिली, असे सांगतात.

ही सगळी हकिकत ऐकताना मन भरून आले, आणि तिथेच मी सावध झाले. कारण हकिकत चांगली, इमारत चांगली, वास चांगला, बोलणारी मुलगी गोड. अशा वेळी माणसाला वाटते की, ही काही आपल्या गुत्त्यातली दारू नव्हे, ही निराळी. आपल्याकडेही तसे बोलले गेले आहे. २०२२ च्या २७ जानेवारीला आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने वाइन मोठ्या किराणा दुकानांतून विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, शेतकऱ्याच्या द्राक्षाचे पेय आहे, असे पुष्कळांनी म्हटले, आणि पुष्कळांनी विरोधही केला. म्हणून मी त्या मुलीला मावशींकरवी सरळ विचारले, "यात दारू किती?" तिनेही सरळ उत्तर दिले. बिअरमध्ये शंभरात पाचेक भाग, साध्या वाइनमध्ये बारा-चौदा आणि पोर्टमध्ये एकोणीस ते बावीस. म्हणजे हिशेब आपल्या हातात आला. द्राक्षापासून झाली म्हणून ती रस होत नाही, जसे गुळापासून झाली म्हणून गावठी काही काकवी होत नाही.

आणखी एक गोष्ट पाहिली. आमच्यात एक साहेब होते, चांगल्या कपड्यांतले, साठीचे. बाकीचे लोक अर्धा पेला ठेवीत, ते तो हळूच आपल्याकडे ओढीत. माझेही पेले तसेच भरलेले होते. त्यांनी तिकडे पाहिले तेव्हा त्यांच्या बोटांना कंप होता. तो कंप मी ओळखला. माझ्या भावाची बोटे सकाळी चहाची बशी धरताना तशीच थरथरत. वाटाडीच्या ते लक्षात आले आणि काही न बोलता तिने पेले उचलून नेले. त्या साहेबांची बायको खिडकीतून नदीकडे पाहत राहिली. मैत्रिणींनो, ते पाहणेही मी ओळखले. माझी वहिनी चार माणसांत असेच दुसरीकडे बघे. देश निराळा, भाषा निराळी, पण घरच्या बाईची मान वळायची ती तशीच वळते.

परतताना पुलावर मावशी म्हणाल्या की, त्यांच्या घरीही एक जण असाच गेला. कोण ते मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

रात्री भाचीने विचारले, "आत्या, काय होते त्यात?" मी म्हटले, "बाळ, रंग होता, वास होता, लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत होती. पण तुझ्या बाबांनी यातले काही पाहिले नाही. ते रंग पाहत नव्हते, वास घेत नव्हते. दुकानाच्या मागे उभे राहून एका दमात गिळीत होते. ज्यापायी ते गेले, ते चवीत नव्हते. ते दुखणे होते आणि आपल्याला त्या वेळी ते दुखणे आहे असे कोणी सांगितले नाही. तुम्हाला टाकून जावे असे त्यांच्या मनात नव्हते." ती पुष्कळ वेळ रडली. मग म्हणाली, "मला वाटे, आमच्यापेक्षा त्यांना ती जास्त आवडे." तेरा वर्षे ती पोर हे मनात घेऊन वावरत होती. मला वाटते, त्या फेरीचे पैसे त्या एका वाक्याने वसूल झाले.

आता मला आपल्यापुढे तीन गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली ही की, दारूविषयी बोलताना आपण माहितीने बोलावे. आपल्याला काय कळते, असे दुकानदाराने म्हणता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगितले की, आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, मग ती वाइन असो की आणखी काही. दारूने कर्करोग होतो हे तर जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी १९८८ सालीच नोंदविले आहे, आणि दारूने होणाऱ्या कर्करोगांत आपल्या स्तनांचा कर्करोगही येतो. आपल्याकडे काही घरांत अजून बाळंतिणीला ब्रँडी देतात, सर्दी झाली की लेकराच्या दुधात थेंब टाकतात. ते तेवढे आजपासून बंद करा. आईने घेतलेली दारू अंगावरच्या दुधात उतरते.

दुसरी गोष्ट, काचेचा पेला आणि जर्मनचा पेला असा भेद आपण करू नये. आपण चौकातल्या दुकानापुढे उभ्या राहिलो, कारण तिथे हातगाडीवाले, हमाल येतात. पण बंगल्यातल्या बाईचीही मान वळलेली असते आणि ती आपल्याकडे येत नाही, कारण तिथे दारूला चांगले नाव असते. आपल्या मंडळाचे दार तिलाही उघडे आहे, हे तिला कळले पाहिजे.

तिसरी आणि माझ्या जिवाची. ज्याला लागली आहे त्याला शिव्या देऊन किंवा नुसते दुकान बंद करून तो सुटत नाही. दुकान बंद व्हावेच, त्यासाठी मी पुन्हा दारोदार फिरेन. पण त्याच्या दुखण्यावर औषध आहे. पुण्यात मुक्तांगण म्हणून व्यसनमुक्तीची संस्था आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी ती काढली. पु. ल. देशपांडे यांनी तिला मोठा हातभार लावला. एका बाईने पुढे होऊन उभारलेले हे काम आहे. शिवाय दारू सोडू पाहणारांच्या सभा गावोगाव भरतात, त्यांना पैसे पडत नाहीत, नाव विचारीत नाहीत. घरच्या माणसांसाठीही निराळ्या सभा असतात. आमच्या घरी ही माहिती कोणी आणून दिली असती, तर वहिनीने भावाला पाठीवर घेऊन नेले असते. म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या मंडळाच्या फळ्यावर हळदीकुंकवाच्या तारखेशेजारी ही माहिती कायम लिहिलेली असावी, आणि दर महिन्याला एकीने अशा एका घरी जाऊन बसावे. उपदेश करू नये. नुसते बसावे, भाजी निवडू लागावी. बाई आपोआप बोलते.

ज्या मैत्रिणींनी मला तोंडावर विचारले त्यांचे मी आभार मानते, पाठीमागे बोलण्यापेक्षा ते शतपटीने बरे. मी त्या शहरात गेले, पाहिले, हुंगले, विचारले आणि जशी गेले तशी परत आले. बाटली आडवी करायची तर ती उभी कशामुळे राहते हेही पाहिले पाहिजे. ती चवीने उभी राहते, गोष्टींनी उभी राहते, पैशाने उभी राहते आणि सगळ्यांत जास्त आपल्या गप्प राहण्याने उभी राहते. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत, चौथी आहे.